रोजच्या अंतरावरचे गाव: कुंभकोणम् आणि कावेरीकाठची छोटी नगरे

नोकरी शहरात आणि घर जवळच्या छोट्या गावात, हा संसार मराठी माणसाला नवा नाही. बदलापूर, कर्जत, कसारा, पालघर ही नावे मुंबईच्या लोकलमुळे घराघरांत पोहोचली. लोणावळ्याहून पुण्याला रोज ६४ किलोमीटर जाणारे पासधारक आहेत, आणि तालुक्याच्या गावाहून शाळेत किंवा पंचायतीत 'अप-डाउन' करणाऱ्यांमुळे तर मुख्यालयी राहण्याची सक्ती हा सरकारी पत्रव्यवहारातला कायमचा विषय होऊन बसला आहे. तरीही असे गाव निवडताना बहुतेक कुटुंबे घराची किंमत आणि शहराचे अंतर या दोनच गोष्टी पाहतात. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात आणि दोन्ही अपुऱ्या असतात. किती अपुऱ्या, हे समजून घ्यायला तमिळनाडूतले कुंभकोणम् हे उत्तम उदाहरण आहे. एक म्हणजे त्याच्या भोवती शहरे आणि गावे यांची उतरंड स्पष्ट दिसते. दुसरे म्हणजे, मराठी माणसे तेथे तीनशे वर्षांहून अधिक काळ राहत आली आहेत.

कुंभकोणम् तंजावरच्या ईशान्येला सुमारे ४० किलोमीटरवर, कावेरी आणि तिचा फाटा अरसलार यांच्या मध्ये वसले आहे. उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार, त्यामुळे जुने गाव दोन पाण्यांच्या पट्टीत बसलेले. २०११च्या जनगणनेत नगरपालिका हद्दीची लोकसंख्या १,४०,१५६ होती. १८६६ साली स्थापन झालेली ही नगरपालिका २०२१ साली महानगरपालिका झाली आणि शेजारचे दारासुरम् तिच्यात आले. ज्या तंजावरला ये-जा करायची ते शहरही २०११ साली सव्वादोन लाखांच्या आसपासच होते. खरे मोठे शहर म्हणजे तिरुच्चिरापळ्ळी, म्हणजेच त्रिची. त्याची लोकसंख्या तेव्हा साडेआठ लाखांच्या घरात होती आणि अंतर नव्वद किलोमीटरच्या पुढे. चेन्नई तीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे शुक्रवारी रात्री गाडी पकडून यायचे आणि रविवारी रात्री परतायचे गाव. एकाच घरातून तीन शहरे तीन वेगवेगळ्या अंतरांवर दिसतात: रोजचे, आठवड्यातून दोनदा जमण्याजोगे आणि आठवड्याचे. गाव निवडताना आपल्याला यांपैकी कोणते अंतर हवे आहे, हे आधी ठरवावे लागते. पुढचे सगळे हिशेब त्यावर अवलंबून असतात.

कुंभकोणम् कोणाच्याही आश्रयाने वाढलेले उपनगर नाही, आणि त्याचे मोल मुख्यतः यातच आहे. येथे चोळांच्या आणि नायकांच्या काळातली मोठी देवळे आहेत: आदिकुंभेश्वर, सारंगपाणी, नागेश्वर, रामस्वामी, चक्रपाणी. देवळांच्या मागोमाग बाजार आला, बाजारामागून कारागीर आले. पितळी भांड्यांचा, रेशमाचा, विड्याच्या पानांचा व्यापार अजून चालतो. नाचियारकोविलच्या समया, स्वामिमलैच्या पंचधातूच्या मूर्ती आणि तिरुभुवनम् येथील रेशमी साड्या यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ही तिन्ही गावे कुंभकोणम् शहराच्या दहाएक किलोमीटरच्या आत आहेत. १९०४ साली येथे 'कुंभकोणम् बँक' सुरू झाली. तीच पुढे सिटी युनियन बँक झाली आणि तिचे मुख्यालय आजही येथेच आहे. तंजावर, त्रिची आणि आसपासच्या जिल्ह्यांत बसगाड्या चालवणाऱ्या सरकारी परिवहन महामंडळाच्या विभागाचे मुख्यालयही कुंभकोणम् येथेच. १८५४ साली सुरू झालेल्या येथील सरकारी महाविद्यालयाला एकेकाळी 'दक्षिणेचे केंब्रिज' म्हणत. गणिती रामानुजन याच गावात वाढले, येथल्या टाउन हायस्कूलमध्ये शिकले. सारंगपाणी संनिधी रस्त्यावरचे त्यांचे घर आता स्मारक म्हणून जपले आहे.

याचा राहणाऱ्याला उपयोग काय, तर घरातल्या एकाची नोकरी तंजावरला असली तरी बाकीच्यांना गावातच काम, दवाखाना, शाळा, बाजार मिळतो. मुंबईच्या परिघावरच्या नव्या वसाहतींमध्ये सकाळी आठनंतर कमावत्या वयाची माणसे दिसेनाशी होतात आणि गाडी बंद पडली की सारे गावच खोळंबते. कुंभकोणम् येथे असे होत नाही. छोट्या गावाची परीक्षा शहरात न जाण्याच्या दिवशी होते, हा निकष अंतराच्याही आधी लावायला हवा.

मराठी कुटुंबांनी हे गाव का धरले याचे उत्तरही याच निकषात सापडते. व्यंकोजी भोसल्यांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतल्यावर त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून आलेल्या देशस्थ घराण्यांपैकी बरीच कुंभकोणम् आणि त्याच्या आसपासच्या अग्रहारांत स्थायिक झाली. राजधानी तंजावर, पण शिक्षण, देवळे, मठ आणि शेतीचे उत्पन्न कुंभकोणम् भागात. १८५५ साली शेवटचा राजा शिवाजी वारल्यावर राज्य खालसा झाले आणि दरबारावर जगणारी तंजावरची अनेक घरे उघडी पडली. कुंभकोणम् येथली घराणी तोवर इंग्रजी शिक्षणाकडे आणि कंपनीच्या नोकऱ्यांकडे वळली होती. सर टी. माधवराव १८२८ साली येथेच जन्मले. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांचे चुलतभाऊ रघुनाथराव, तेही इंदूरचे दिवाण. नोकरी शेकडो मैल दूर आणि घर कुंभकोणम् येथे, ही त्या काळची लांब पल्ल्याची ये-जाच म्हणायची.

याच परिसरातले दुसरे उदाहरण तिरुविडैमरुदूर येथले. १७९८ साली पदच्युत झालेले तंजावरचे राजे अमरसिंह यांना राजधानी सोडून येथे राहावे लागले. कुंभकोणम् शहराच्या पूर्वेला नऊएक किलोमीटरवरच्या या छोट्या देवळाच्या गावात त्यांनी आपला लहानसा दरबार भरवला आणि गवयांना आश्रय दिला. गाव त्यांनी आपखुशीने निवडले नव्हते, हे खरे. पण राजधानीपासून एका दिवसाच्या वाटेवर, मोठ्या बाजारपेठेच्या शेजारी आणि मोठ्या देवळाच्या सावलीत अशी ती जागा होती.

आता अंतर. नकाशावरचे ४० किलोमीटर हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. बसने तंजावरला एक ते सव्वा तास लागतो, जलद गाडीने पाऊण तासाच्या आतबाहेर. पण घरापासून स्टेशन आणि तिकडे उतरल्यावर कचेरी, हे दोन तुकडे त्यात धरलेले नसतात. कुंभकोणम् स्टेशन जुन्या गावाच्या बाहेर आहे, देवळांच्या रस्त्यांवरून तेथे पोहोचायला सकाळच्या गर्दीत रिक्षालाही वेळ लागतो. तंजावरकडची गोष्ट याहून महत्त्वाची. त्या शहराच्या मोठ्या संस्था कुंभकोणम् शहराच्या विरुद्ध बाजूला वाढल्या आहेत. वैद्यकीय महाविद्यालय वल्लमच्या रस्त्याला, तमिळ विद्यापीठ त्रिचीच्या रस्त्याला, शास्त्र विद्यापीठ तर त्याही पुढे तिरुमलैसमुद्रम् येथे, आणि नवे बसस्थानकही जुन्या शहराच्या बाहेर त्याच दिशेला. ईशान्येकडून येणाऱ्याला सारे शहर ओलांडून पलीकडे जावे लागते. चाळीसचे पन्नास होतात आणि वाढलेले दहा सगळ्यात संथ असतात.

त्रिचीच्या बाबतीत नेमके उलटे घडते. भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना तिरुवेरुंबूर येथे आहे आणि राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था तुवाकुडी येथे. दोन्ही जागा त्रिचीच्या अलीकडे, तंजावर रस्त्यावर. पूर्वेकडून येणाऱ्याला त्रिची शहरात शिरावेच लागत नाही. तरी कुंभकोणम् येथून रोज एवढे जाणे वाजवी नाही. पण ज्याला आठवड्यातून दोन दिवस हजेरी लावून बाकी काम घरून करता येते, त्याच्यासाठी 'त्रिची दूर आणि तंजावर जवळ' हा सरळ हिशेब बदलतो. शहर नकाशावरच्या ठिपक्यापाशी सुरू होत नाही, आपल्या कचेरीच्या दारापाशी सुरू होते.

रेल्वेचे वेळापत्रकही असेच फसवे. चेन्नई एग्मोर, विळुप्पुरम्, मयिलाडुतुरै, कुंभकोणम्, तंजावर हा जुना 'मेन लाइन' मार्ग. मीटरगेजचे रूपांतर टप्प्याटप्प्याने होऊन २०१० साली तो पूर्ण ब्रॉडगेज झाला. तंजावर ते त्रिची दुहेरी मार्ग आहे; कुंभकोणम् येथून तंजावरपर्यंत मात्र एकेरी. म्हणून समोरून येणाऱ्या गाडीसाठी वाटेतल्या एखाद्या स्टेशनात थांबणे हा प्रवासाचा भागच समजावा. दिवसाच्या गाड्या मोजताना आणखी एक चाळणी लावावी लागते. मासिक पास साधारणपणे १५० किलोमीटरपर्यंत मिळतो, तेव्हा तंजावर आणि त्रिची दोन्ही त्यात बसतात. पण तो पास आरक्षित डब्यात चालत नाही. मयिलाडुतुरै ते कोइंबतूर जनशताब्दी कागदावर सोयीची दिसते, पासधारकाला तिचा उपयोग नाही. पॅसेंजर गाड्या आणि एक्सप्रेसचे अनारक्षित डबे एवढेच त्याच्या वाट्याला येते.

यातून एक व्यवहारी नियम निघतो: सकाळची गाडी पाहू नये, संध्याकाळची पाहावी. आणि संध्याकाळचीही नेहमीची नाही, ती चुकल्यावरची. सकाळी प्रत्येक मार्गावर नोकरदारांसाठी काहीतरी असतेच. कचेरीत अर्धा तास उशीर झाला तर काय मिळते, यावर त्या गावात राहणे सुसह्य की असह्य हे ठरते. या कसोटीला कुंभकोणम् उतरते ते बसमुळे. परिवहन महामंडळाच्या आणि खासगी बसगाड्या तंजावर रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत धावतात. विक्रवंडी, कुंभकोणम्, तंजावर हा महामार्ग चौपदरी करताना गावांना वळसे घातल्यामुळे अय्यमपेट्टै, पापनाशम् या बाजारपेठांतून रांगत जाण्याचा जाचही लांबच्या वाहनांपुरता कमी झाला. अर्थात गावोगाव थांबणारी बस जुन्याच रस्त्याने जाते.

ये-जा माणसाला किती सोसते, यावर बराच अभ्यास झाला आहे. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केत्ती यांनी १९९४ साली मांडले की, पायी चालणाऱ्या काळापासून मोटारीच्या काळापर्यंत माणूस दिवसाकाठी सरासरी तासभरच प्रवासाला देत आला आहे. वाहन जलद झाले की तो वेळ वाचवत नाही, लांब जाऊन राहतो. ब्रूनो फ्राय आणि आलोईस श्टुट्सर या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली जर्मनीतली माहिती तपासली. लांबच्या ये-जेची भरपाई स्वस्त घराने किंवा वाढीव पगाराने व्हायला हवी होती, तशी ती होत नव्हती; लांबून येणारे आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी होते. घर घेताना माणूस खोल्यांचा आकार मोजतो, त्याची सवय सहा महिन्यांत होते. गाडीत उभे राहण्याची सवय होत नाही. कुंभकोणम् ते तंजावर हा प्रवास दाराशी-दार धरला तर एका दिशेला दीड तास सहज भरतो. दोन्ही दिशा मिळून मार्केत्तींच्या तासाच्या तिप्पट. आठवड्याचे सहा दिवस हे करणाऱ्याने डोळे उघडे ठेवून करावे.

म्हणूनच अनेकांसाठी खरा पर्याय कुंभकोणम् हा नसतो, या पट्ट्यातले दुसरे एखादे गाव असते. तंजावरहून निघालेली गाडी अय्यमपेट्टै, पापनाशम्, सुंदरपेरुमाळ कोविल, स्वामिमलै, दारासुरम् करत कुंभकोणम् येथे येते आणि पुढे तिरुनागेश्वरम्, तिरुविडैमरुदूर, आडुतुरै अशी मयिलाडुतुरैकडे जाते. या माळेत पापनाशम् फार विचार करण्याजोगे आहे. तालुक्याचे गाव, स्वतःचे स्टेशन, कुंभकोणम् पंधराएक किलोमीटर आणि तंजावर पंचवीसएक. दोघांपैकी एकाची नोकरी तंजावरला आणि दुसऱ्याची कुंभकोणम् येथे असेल, तर मध्यावरचे गाव दोघांचाही दिवस वाचवते. अशा घरांनी मोठ्या गावाचा मोह धरू नये.

नोकरीच कुंभकोणम् येथे असेल तर त्यालाच शहर मानून जवळची गावे पाहावीत. स्वामिमलै आठएक किलोमीटरवर, तिरुनागेश्वरम् सहाएक, तिरुभुवनम् आणि तिरुविडैमरुदूर त्याच दिशेला पुढे. येथे एका सरकारी निर्णयाचा घरखर्चावर थेट परिणाम होतो. मे २०२१ पासून तमिळनाडूत साध्या भाड्याच्या टाउन बसमध्ये महिलांना प्रवास मोफत आहे. स्वामिमलैहून कुंभकोणम् येथे नोकरीला येणाऱ्या बाईचा प्रवासखर्च त्यामुळे शून्यावर येऊ शकतो. तंजावरला जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या, तिकडे ज्यांना 'मोफसिल' म्हणतात त्या बसला मात्र तिकीट पडते. दोन पगारांच्या घरात हा फरक महिन्याच्या शेवटी चांगलाच जाणवतो.

दारासुरम् सर्वांत जवळ, तीन-चार किलोमीटरवर, आणि आता महापालिकेतच. तेथले ऐरावतेश्वराचे बाराव्या शतकातले देऊळ २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पाहायला येणाऱ्यांसाठी हे भाग्य. घर बांधणाऱ्यासाठी अडचण. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये आगाऊ परवानगी लागते. देवळाच्या शिखराचे दर्शन गच्चीतून होते, असे कोणी कौतुकाने सांगितले तर आधी मोजपट्टी काढावी.

देवळांचा संबंध जमिनीशी याहूनही खोलवर येतो आणि बाहेरून येणारा माणूस सर्वांत जास्त येथेच फसतो. या भागातली बरीच जमीन, शेतीची तशी गावठाणातलीही, देवळांच्या आणि मठांच्या मालकीची आहे. घर एकाचे आणि खालची जागा देवाची, अशी स्थिती कित्येक रस्त्यांवर आहे. राहणारा देवस्थानाला भुईभाडे भरतो. १९५९च्या धर्मादाय कायद्याच्या ३४व्या कलमानुसार देवस्थानाच्या जागेची विक्री, गहाण किंवा पाच वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा आयुक्तांच्या मंजुरीशिवाय रद्दबातल ठरतो. तेव्हा तीन पिढ्या तेथे राहिलेले सज्जन कुटुंब घर विकायला काढते, वीजबिल त्यांच्याच नावावर असते, घरपट्टीही, आणि तरी विकायला त्यांच्याकडे जमीन नसते.

महाराष्ट्रात सातबारा आणि फेरफार पाहतात, तसे येथे 'पट्टा' आणि 'चिट्टा' पाहायचे. बोजा आणि जुने व्यवहार कळावेत म्हणून नोंदणी खात्याकडून बोजाचा दाखला काढायचा. जितक्या मागच्या वर्षांचा मिळेल तितका बरा. बिनशेती भूखंडांचे प्रकरण वेगळे. सप्टेंबर २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मंजुरी नसलेल्या भूखंडांची नोंदणी थांबवली आणि पुढच्या वर्षी जुने भूखंड नियमित करण्याचे नियम आले. २० ऑक्टोबर २०१६ ही त्यातली मर्यादेची तारीख. त्यामुळे भातशेतीत दगड रोवून पाडलेल्या भूखंडाला नगररचना खात्याची मंजुरी आहे का, तो नियमित झाला आहे का, हे पहिले प्रश्न. खरेदीखतावर २०२३ पासून ७ टक्के मुद्रांक आणि २ टक्के नोंदणी शुल्क धरावे. घराची किंमत सांगणारा दलाल हे नऊ टक्के सहसा सांगत नाही.

जुन्या अग्रहारातले घर घेण्याची इच्छा पुष्कळांना होते, मराठी माणसाला जरा अधिकच. रस्त्याला 'तिण्णै', म्हणजे आपला ओटा. आत चौक, त्याभोवती सोपा, मागे विहीर आणि परस. रुंदी थोडी, लांबी गल्लीपर्यंत. देखणी घरे आहेत. पण दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असतात, तेव्हा शेजारच्याने पाडून नवी इमारत बांधली की आपल्या भिंतीला तडा जातो. लाकडी तुळया आणि वीटचुन्याची 'मद्रास टेरेस' गच्ची गळू लागली तर ती दुरुस्त करणारे गवंडी आता थोडे उरले आहेत. देवळाच्या रथरस्त्यावर घर असेल तर उत्सवात गाडी दारापर्यंत येत नाही, आणि कुंभकोणम् येथे उत्सव वारंवार असतात. भाड्याने राहायला ही घरे छान, विकत घेताना मात्र स्थापत्य अभियंता सोबत न्यावा.

नदीकाठच्या गावात पाण्याची ददात नसावी, असे वाटते. कावेरीचे पाणी मात्र मेट्टूर धरणाच्या दरवाज्यांवर अवलंबून असते. परंपरेने १२ जूनला ते उघडतात आणि २८ जानेवारीला बंद करतात. उन्हाळ्यात कुंभकोणम् येथून वाहणारी कावेरी म्हणजे बहुधा वाळू. पाऊस येथे महाराष्ट्रासारखा जून-सप्टेंबरात पडत नाही. मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. जुलैत घर पाहून गेलेला पाहुणा कोरडे अंगण पाहतो आणि नोव्हेंबरात त्याच अंगणात गुडघाभर पाणी असते. त्रिभुज प्रदेशाची जमीन जवळजवळ सपाट, पाणी वाहून जायला उतार नाही. पूर्वी हे पाणी कालव्यांतून देवळांच्या तळ्यांत जिरत असे. जेथे कालवे बुजवून घरे झाली तेथे ते रस्त्यावर थांबते. भूखंडाच्या शेजारी जुना कालवा कोठून जात होता, हे तेथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे. नगररचनेचा नकाशा ते सांगेलच असे नाही.

साचलेल्या पाण्याचा जुना इतिहास आरोग्यातही आहे. कुंभकोणम् एकेकाळी हत्तीपाय रोगासाठी कुप्रसिद्ध होते. डासांवाटे पसरणारा हा रोग औषधवाटपाच्या मोहिमांनी खूप ओसरला. पण उघडी गटारे कोठे आहेत आणि भुयारी गटार कोठवर पोहोचले आहे, हे येथे घर पाहताना विचारायचे प्रश्न आहेत. महापालिकेत नव्याने आलेल्या कडेच्या वस्त्यांत कर शहराचा आणि सोयी अजून खेड्याच्या, असा मधला काळ बरीच वर्षे चालतो.

दवाखान्यांच्या बाबतीत कुंभकोणम् आपल्या आकाराच्या मानाने भाग्यवान आहे. तंजावरला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असल्याने जिल्ह्याचे मुख्य सरकारी रुग्णालय कुंभकोणम् येथे आहे. शाळाही भरपूर. परंतु शाळा निवडताना निकालाच्या आधी इमारत पाहावी, हे या गावाने फार मोठी किंमत देऊन शिकवले. १६ जुलै २००४ रोजी येथल्या एका खासगी शाळेच्या स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छताला लागली आणि ९४ मुले दगावली. त्यानंतर देशभर शाळांच्या अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले. जिना किती रुंद, बाहेर पडायचे दरवाजे किती, छत कशाचे, हे विचारणाऱ्या पालकाला आता येथे कोणी विक्षिप्त समजत नाही.

भाषेचा प्रश्न बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबाला सर्वांत आधी भेटतो. १९६८ पासून तमिळनाडूचे शिक्षण तमिळ आणि इंग्रजी या दोन भाषांवर चालते; सरकारी शाळेत हिंदी सक्तीची नाही, मराठी तर नाहीच. बाजारात तमिळ आल्याशिवाय भागत नाही, आणि ती सहा महिन्यांत कामापुरती येते. तंजावरी मराठी बोलणारी घरे अजून आहेत, पण त्यांची मराठी पुण्या-नागपूरच्या कानाला पहिल्यांदा अनोळखी वाटते, कारण तिच्यात जुन्या वळणाचे शब्द आणि तमिळचे सूर एकत्र नांदतात. दारासुरम् आणि तिरुभुवनमचे विणकर बहुसंख्येने सौराष्ट्री भाषक. त्यांच्या बोलण्यातही मधूनच ओळखीचा शब्द कानी येतो. तिरुविडैमरुदूरच्या पुढे गोविंदपुरम् येथे विठ्ठल-रुक्मिणीचे मोठे देऊळ उभे राहिले आहे. तेथे तमिळ माणसे मराठी अभंग म्हणतात, उच्चार थोडे वेगळे, चाली कर्नाटक संगीताकडे झुकलेल्या. मराठी राजवटीपासून चालत आलेल्या या भजनपरंपरेचा घराच्या किमतीशी संबंध नाही. परगावी आलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे मन लागण्याशी मात्र नक्की आहे.

गर्दीचा हिशेबही करायला हवा. कुंभकोणम् हे नवग्रह देवळांच्या यात्रेचे ठाणे आहे. शनिवार-रविवारी आणि ग्रहपालटाच्या दिवशी बसस्थानक ओसंडते. लग्नमुहूर्ताच्या दिवशी तंजावरची बस उभ्यानेही मिळत नाही, म्हणून येथले पासधारक पंचांग पाहून रजा टाकतात. दर बारा वर्षांनी येणारा महामहम् हा तर वेगळाच प्रसंग. सव्वासहा एकरांच्या तळ्यात लाखो लोक स्नान करतात. १९९२च्या महामहमात चेंगराचेंगरीत पन्नासच्या आसपास माणसे गेली; २००४ आणि २०१६ सालचे मेळे अधिक काटेकोर बंदोबस्तात झाले. पुढचा २०२८च्या मासी महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. त्याआधी रस्ते, गटारे, बसस्थानके यांची कामे निघतात. त्या काळात घर घेणाऱ्याला खणलेले रस्ते आणि चढे भाव दोन्ही भेटतात.

एवढे सगळे कागदावर तपासता येत नाही. म्हणून घर विकत घेण्याआधी एक वर्ष भाड्याने राहणे हाच शहाणा मार्ग. तमिळनाडूचा २०१७चा भाडेकायदा फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे. त्यानुसार करार लेखी करून भाडे प्राधिकरणाकडे नोंदवावा लागतो आणि करारात वेगळे ठरले नसेल तर ठेव तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. घर शोधायला आडी महिना, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ, चांगला. या महिन्यात तमिळ कुटुंबे घर बदलत नाहीत, रिकामी घरे रिकामीच राहतात आणि मालक बोलायला तयार असतो. सामान मात्र आवणी, म्हणजे त्यापुढचा महिना, लागल्यावर हलवावे. मालकालाही तेच बरे वाटते. आवणीत सुरू झालेल्या अकरा महिन्यांच्या करारात नोव्हेंबरचा पाऊस येतो, डिसेंबर-जानेवारीच्या मार्गळी महिन्यात पहाटे देवळांतून येणारा ध्वनिक्षेपकांचा आवाज येतो, मासीतली यात्रा, मे महिन्यातली कोरडी कावेरी आणि दोनशेहून अधिक दिवसांची तंजावरची ये-जा, सगळे येते. करार संपतो तेव्हा पुन्हा आडी जवळ आलेला असतो, म्हणजे दुसरे घर शोधायचे झाले तरी हंगाम योग्यच.